लाईनीचा सा

एप्रिल लागला की आमच्या विद्यानगरात उन्हाळा आधी कानांना कळायचा. माळ्यावरचे कूलर खाली यायचे, त्यांच्या तिन्ही बाजूंना नवी घास भरली जायची आणि दुपारी दोनच्या सुमारास अख्खी गल्ली एका सुरात घरघरायला लागायची. यंदा आम्ही आमचा कूलर भंगारवाल्याला दिला आणि एसी घेतला. एसी इतका सभ्य निघाला, की चालू आहे का ते बघायला त्याच्यापुढे हात धरावा लागतो. पहिल्याच दुपारी त्या थंडगार शांततेत मला झोप येईना. बराच वेळ कूस बदलल्यावर कळलं, की खोलीतला सा गेलाय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ऊन लागलंय तुला. म्हणून त्याचा नाद सोडला आणि मावशीचा तो उन्हाळा आठवत पडून राहिले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तेव्हा पंचेचाळिशीची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि आमच्याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, लोकच बोलत. तिच्याकडे एक विजेची हवाईयन गिटार होती. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकवत गाणं काढायचं. सुलतान बाजारातल्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असला, की भावगीताचं धृपद गाणाऱ्याने सोडलं रे सोडलं की मावशीची गिटार ते अलगद उचलून घ्यायची. लोक गाणाऱ्याला वाहवा द्यायचे आणि मावशीला चहा. तिला तेवढं पुरत होतं.

मग देशाची दारं उघडली. आमच्याकडे त्या दारांतून काय आलं, तर छपराछपरांवरून केबलच्या तारा आल्या, गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर शिकवणारे क्लास आले आणि मंडळात सुधाकरचा कीबोर्ड आला. सुधाकर बँकेत कारकून, तिशीचा, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या त्या एका पेटीत बासरी होती, सतार होती, व्हायोलिनांचा ताफा होता आणि एक बटण हवाईयन गिटारचंही होतं. मंडळाचे सेक्रेटरी काका मावशीला फार गोड आवाजात म्हणाले, "ताई, आता सगळं एका पेटीतच यायलंय. तुम्ही कशाला एवढी दगदग करायलात?" माणसाला काढून टाकायचं असलं की आपल्याकडे आधी त्याच्या तब्येतीची काळजी करतात. मावशीने गिटार जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. दोन वर्षं ती तिथेच होती. मावशी तिथून केर काढायची तेव्हा झाडूसुद्धा तिला लागू द्यायची नाही.

त्या उन्हाळ्यात माझा दादा अमेरिकेतून तीन आठवड्यांसाठी आला होता. सन दोन हजार लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी तेव्हा हाकाटी होती आणि ते वाचवायला आमच्या गल्लीतून चारजण गेले होते, त्यांतला तो एक. येताना त्याने स्वतःसाठी एक निळी पेटी आणली होती, भाकरीएवढी, वरती सात-आठ खुंट्या. गिटार तिच्यात जोडायची आणि खुंटी फिरवायची, की ती निरनिराळ्या नामांकित अँप्लिफायरांचा आवाज काढायची. कुठला तरी विलायती, खोलीच्या उंचीचा, भिंत हादरवणारा अँप्लिफायर आणि त्याची नक्कल या भाकरीत. जाताना दादाची बॅग आवकायच्या बरण्यांनीच भरली. वजनाच्या काट्यावर लोणचं आणि पेटी यांत एकाची निवड करायची वेळ आली, तेव्हा त्याने क्षणभरही विचार केला नाही. लोणचं गेलं, पेटी राहिली. "मावशी, तू खेळ हिच्याशी," तो म्हणाला. "फक्त ही शेवटची खुंटी पूर्ण फिरवू नको. ते रॉकवाल्यांचं काम आहे."

भूगोलाच्या बाईंना एखादी जागा जाऊ नका म्हणून सांगणं म्हणजे तिकीट काढून देण्यासारखंच. दादाचं विमान मुंबईलाही पोचलं नसेल, तोवर गिटार पलंगाखालून बाहेर आली होती. पेटी अमेरिकेच्या विजेवर चालणारी, म्हणून बाबांनी सुलतान बाजारापलीकडच्या गल्लीतून एक ट्रान्सफॉर्मर आणला. विटेसारखा जड, काळा, लोखंडी. पेटीचा आवाज दादाच्या जुन्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरांत सोडला. मावशीने शेवटची खुंटी पूर्ण फिरवली आणि एक तार छेडली.

माझी बी.एस्सी.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि निकाल यायचा होता, म्हणजे माझ्याइतकी मोकळी व्यक्ती घरात दुसरी नव्हती. मी दारात उभी होते. जो आवाज आला त्याने मी एक पाऊल मागे सरले. जाड, खरखरीत, पोटात शिरणारा. केबलवरचे केस वाढवलेले लोक डोकं झटकत वाजवायचे, तोच. पण मावशीला तसलं काही वाजवायचं नव्हतं. तिने कांडी तारेवर तशीच धरून ठेवली आणि ती वाट बघत राहिली. सूर चालूच होता. तिने माझ्याकडे बघितलं. सूर अजून चालूच होता.

"मरेना की गं हा," ती हळूच म्हणाली.

गिटारचं दुखणं असं, की तार छेडली की सूर जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. गाणारा एका सुरावर बसून राहू शकतो, सारंगीवाला राहू शकतो, गिटारवाल्याला मात्र पुढच्या सुराकडे पळावं लागतं. मावशीला लहानपणापासून विलंबित आलाप वाजवायचा होता आणि वीस वर्षं ती भावगीतांच्या मधल्या जागा भरत राहिली होती, कारण तेवढ्यापुरताच तिचा सूर जगायचा. रॉकवाल्यांनी आवाज फाडण्यासाठी जे शोधून काढलं होतं, त्यात तिला लांब श्वास सापडला. त्या दुपारी ती रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. पेटीतल्या आवाजांना आपली नावं देता येत नव्हती, नुसते आकडे दिसायचे. म्हणून शाळेची एक कोरी हजेरीवही घेतली आणि कुठली खुंटी कुठे होती ते मी त्यात लिहायला लागले. आवाजाचं वर्णन करायला आम्हां दोघींकडे स्वयंपाकघराखेरीज भाषा नव्हती. एकाचं नाव 'कच्चा रवा', एकाचं 'खलबत्ता', एकाचं 'करपलेला कांदा', त्यापुढे मावशीच्या अक्षरात 'पुन्हा करू नये'. पद्धत अशी, की मावशीने वाजवायचं आणि मी जिन्यात, गच्चीवर, फाटकापाशी जाऊन ऐकायचं. फाटकापाशी एकदा समोरच्या फातिमा आपा भेटल्या. "बेटा, तुमारा मिक्सर सुबू से चल रा, क्या पीस रै?" मी म्हटलं, मावशी गिटार वाजवायली. त्यांनी कान देऊन ऐकलं. "हौ? बिचारी को कायका गम है?" नंतर नंतर त्याच खिडकीतून सांगायच्या, आज वो रोनेवाला नै बजाए. तो रोनेवाला आमच्या वहीत 'साय' म्हणून होता. खरखर पुरेशी, पण वरून मऊ थर धरलेला. उन्हाळाभर आम्ही त्याच्याच मागे होतो.

एक अडचण मात्र जाईना. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा, गिटार ती गुणगुण पकडायची आणि शेवटच्या खुंटीवर ती गुणगुण एवढी मोठी व्हायची, की कूलरही लाजेल. पेटीत ती दाबायची सोय होती, पण ती सुरू केली की गुणगुणीबरोबर सुराची शेपटीही तुटायची आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तेच जायचं. दोन दिवस मावशी वैतागली. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर ती सगळ्या तारा ढिल्या करत बसली होती.

"काय करायलीस?"

"हा पाहुणा जायचं नाव काढत नाही ना, मग याला घरातलाच समजू," ती म्हणाली. "याचा सा धरू. तंबोरा म्हणून बसेल कोपऱ्यात."

हार्मोनियमच्या पट्टीत सांगायचं तर गुणगुण पांढरी पाचच्या आसपास होती. तिची गिटार एरवी बरीच वर लागायची. तारा एवढ्या उतरल्यावर लोंबायला लागल्या, तेव्हा आम्ही बसने सिकंदराबादला जाऊन जाड तारा आणल्या. त्या चढवल्या, मिळवल्या आणि तिने मारवा सुरू केला. मारव्यात सा वर टेकायचं नसतं, त्याच्या अवतीभवती हिंडायचं असतं, पण तो कुठे तरी लागलेला हवा. आता तो लागलेला होता, भिंतीतल्या प्लगमधून. तिचा कोमल रे त्या सा च्या जवळ गेला, की दोघं घासायचे आणि कपाटातल्या काचेच्या बशा थरथरायच्या. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. आता लिहितानाही येतोय.

मजा पुढेच होती. दुपारी मिळवलेली गिटार संध्याकाळी बेसूर व्हायची. मावशीला वाटलं, उन्हाने तारा ताणल्या जात असतील. बाबा वीज खात्यात होते. ते वर आले, ऐकलं आणि म्हणाले, "तार नाही हलली, लाईन हललीय. सगळं शहर कूलर लावून बसलंय. तिकडे जनित्रं दमतात, चाक हळू फिरतं, तुझा तंबोरा खाली उतरतो." बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. तेव्हापासून मावशी रोज वाजवायला बसण्याआधी प्लग लावायची, डोळे मिटायची आणि शहर किती दमलंय त्याप्रमाणे तारा मिळवायची.

आता वाटतं, आम्ही दोघी कशाची नक्कल करत होतो? पेटीवर ज्या अँप्लिफायरांची नावं होती त्यांतला एकही आम्ही पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. अस्सल माहीत नसताना नक्कल बरी की वाईट हे ठरवायला आमच्याकडे कानच होते फक्त. त्या वर्षांत सगळ्या शहराचं तेच चाललं होतं. न पाहिलेल्या देशाच्या घड्याळावर पोरं कामाला जात होती, न चाखलेली बिस्किटं दुकानांत मांडली होती. कुणी त्यातून स्वतःचं काही काढलं, कुणाचं स्वतःचं होतं तेही त्यात गेलं. मावशीचं जाता जाता राहिलं. पण ते राहीलच असं त्या उन्हाळ्यात कुणी सांगू शकलं नसतं.

कारण मे महिन्यात सेक्रेटरी काका आले. मंडळाचा उन्हाळी मेळावा होता आणि एक गाणारी आयत्या वेळी गावाला गेली होती. "ताई, दहा मिनिटं आहेत. वाजवता का? सुधाकर साथ करील." जाताना जोडे घालता घालता म्हणाले, "लोकांना आवडलं तर गणपतीच्या कार्यक्रमातही बघू. नाही तर मग, तुम्ही समजून घ्याल." मावशी समजली. मीही समजले. गणपतीच्या यादीत नाव नसणं म्हणजे त्या हॉलमध्ये पुन्हा कधीच नाव नसणं. दार लावून ती म्हणाली, "मला पुन्हा तिथं वाजवायचंय. फार वाजवायचंय गं." एवढं उघड ती स्वतःबद्दल कधी बोलली नव्हती.

आमची चूक इथे झाली. सगळा उन्हाळा आम्ही विजेच्या खांबाशी सूर जुळवला. घरातल्या बाजाच्या पेटीशी एकदाही नाही.

मेळावा संध्याकाळचा. ऑटोतून आम्ही गिटार, निळी पेटी आणि मांडीवर ट्रान्सफॉर्मर अशी वरात नेली. हॉल भरलेला, पंखे गरगरत होते, मागे बटाटेवड्यांचा वास. मावशी स्टेजवरच्या पलंगडीवर बसली, मी मागे वायरी जोडल्या. सुधाकरने कीबोर्डवर सा धरला. मावशीने तार छेडली. दोन सूर एकमेकांच्या इतके जवळ, की लांब असते तर बरं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कान चोळला.

"मावशी, तुमचं वाद्य जरा उतरलंय," सुधाकर हळूच म्हणाला.

"चढवून घ्या की, ताई," काका पडद्याआडून म्हणाले.

तिने चढवलं. आता ती कीबोर्डशी जुळली, पण मागे गुणगुण जिथे होती तिथेच राहिली. हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून ते असं काही दळायला लागलं, की मागे कुणी तरी हसलं, एक बाळ रडायला लागलं आणि आईबापांनी ते बाहेर नेलं. काका माईककडे निघाले. मला त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं, की ते आता आभार मानणार.

मावशीने काकांकडे पाहिलंच नाही. ती सुधाकरला म्हणाली, "तू जरा हात बाजूला ठेव, बाळा." त्याने ठेवले. मग तिने सगळ्यांसमोर, एकेक करून, सगळ्या तारा पुन्हा खाली उतरवल्या. घाई न करता. तेवढा वेळ हॉलमध्ये फक्त ती गुणगुण होती आणि तिचे मिटलेले डोळे. काका अर्ध्या वाटेवर थांबले. आणि तिने मारवा लावला.

तिने सुंदर वाजवला. मी जन्मभर सांगेन, की तिने सुंदर वाजवला. पण हॉलला काय वाटलं म्हणाल, तर अर्धे लोक वड्यांकडे गेले. पुढच्या आजोबांनी शेवटपर्यंत कानावरचा हात काढला नाही. टाळ्या झाल्या, पण त्या संपल्याबद्दलच्या होत्या. काका म्हणाले, "वेगळंच होतं, ताई," आणि गणपतीचं नाव काढलं नाही. परतताना ऑटोत मला काही तरी धीराचं बोलायचं होतं, पण खोटं तिला चाललं नसतं आणि खरं मला बोलवत नव्हतं. फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "सूर लागला होता ना?" मी म्हटलं, "लागला होता." "मग झालं," ती म्हणाली. पण तिचं झालं नव्हतं हे दिसत होतं. पुढचे आठ-दहा दिवस तिने प्लगला हात लावला नाही. शाळा उघडायची म्हणून ती नकाशे चिकटवत बसायची आणि मी तिच्यासमोर बसून उगाच कात्री देत राहायची.

जूनच्या तोंडावर, ऊन अजून उतरलेलं नव्हतं तेव्हा, एका दुपारी फाटक वाजलं. बघते तर सुधाकर. स्कूटरच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड, सुतळीने करकचून बांधलेला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी त्याला वर नेलं. मावशी नकाशांमधून उठली. पलंगावर कीबोर्ड ठेवून तो खालीच बसला.

"मावशी, त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसून ऐकलो," तो म्हणाला. "लोकांचं सोडा. मला चार दिवस दुसरं काही सुचलंच नाही. मग याचं पुस्तक काढून वाचलो. यात एक बटण आहे, मावशी. दाबून धरलं की अख्खा कीबोर्ड केसभर खाली येतो, केसभर वर जातो. तीन वर्षं झाली घेऊन, मी कधी दाबलोच नाही. कायकू दाबणार? सगळे माझ्याशीच जुळवून घ्यायचे ना."

मावशीने हातातली डिंकाची बाटली खाली ठेवली.

"काकांना मी सांगून आलोय," तो पुढे म्हणाला. "गणपतीत मी वाजवीन, पण मावशींच्या सुरात वाजवीन. ते बोलले, असं कुठं असतं का? मी म्हटलं, मग तुम्ही दुसरा कीबोर्डवाला बघा. यादीत लिहिले त्यांनी. तुमचं नाव वर, माझं खाली."

मावशी खिडकीकडे वळली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? त्याला पाणी दे. उन्हातून आलाय तो."

मी माठातलं पाणी घेऊन आले तेव्हा गिटार तिच्या मांडीवर होती. सुधाकर त्या बटणावर बोट ठेवून बसला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने प्लग लावला, डोळे मिटून थोडं ऐकलं, तारा मिळवल्या आणि त्याला सा दिला.